नेत्राची परीक्षा आणि घरातला आवाज

भाईंदरजवळच्या पाली कोळीवाड्यातल्या धर्माजींच्या घरात कुणी हळू बोललं, की त्याला ताप आलाय असं धरून चालायचं. धर्माजींचा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी बोलण्यात गेला, त्यामुळे घरी चहासुद्धा ते इंजिन चालू असल्यासारखा मागत. बायको चंद्रावती भाईंदरच्या बाजारात मासे विकायची, आणि तिथे गप्प बसणारीची टोपली तशीच परत येते. समोरच्या दारात धर्माजींची बहीण, सुलू आत्या. नणंद-भावजयींच्या सगळ्या गप्पा आपापल्या उंबऱ्यावर बसून चालत, आणि मधल्या गल्लीतून हॉर्न मारत जाणाऱ्या स्कूटरवाल्यांनाही त्या आपसूक कळत.

आणि या घरात बसून नेत्राला इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायची होती!

नेत्रा ही धर्माजींची एकुलती एक मुलगी. फूड टेक्नॉलॉजी शिकून ती मासळी गोठवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. पुढच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती, पण अट घालून. इंग्रजीच्या परीक्षेत वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही भागांत ठरलेले गुण मिळवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. वाचण्या-लिहिण्याची तिला काळजी नव्हती. धास्ती होती ती ऐकण्याची आणि बोलण्याची.

तिने शहरातल्या बेव्हर्ली पार्कात क्लास लावला. काचेचं दार, गार हवा, गुळगुळीत टेबलं. तिथल्या रीमा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरी रोज प्रॅक्टिस करायची, पण एकदम शांत जागी. टाचणी पडली तरी ऐकू यायला पाहिजे." मॅडमचं काय जातंय सांगायला! नेत्राच्या घरात कपाट पडलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

ती हेडफोन लावून बसायची. कानात कुणी प्राध्यापक हिमनद्यांवर बोलायला लागला, की बाहेरून आत्या विचारायची, "आज बोंबील कसं गेलं गो?" मग हिमनद्या राहायच्या बाजूला आणि नेत्राला बोंबलांचा भाव कळायचा.

"आय, हळू बोल ना!" ती आतून ओरडायची.

"हलूच बोलतंय ना मी!" चंद्रावती तिच्या वर आवाज चढवायची.

एक दिवस धर्माजींनी चार्जर शोधण्यासाठी जी हाळी दिली, ती ऐकून नेत्राने हेडफोन भिंतीवर फेकले. "मला इथंच सडवायचंय का तुम्हाला? बोला असंच, म्हणजे मी अभ्यासच सोडते!" आणि ती हमसून हमसून रडली.

तेव्हापासून घर बदललं. चंद्रावतीने फर्मान काढलं आणि पाळून घेतलं. टीव्हीचा आवाज बंद. मालिकेत कोण कुणाला का मारतंय ते नुसतं तोंडं बघून ओळखायचं. धर्माजी खुणेने चहा मागू लागले. सुलू आत्या काही सांगायचं असलं की गल्ली ओलांडून यायची आणि भावजयीच्या कानाशी लागायची. त्या दोघींना कुजबुजताना पाहून शेजाऱ्यांना वाटलं, घरात काहीतरी भानगड आहे. इकडे नेत्राचे सराव परीक्षेतले गुण भराभर चढले. मॅडम म्हणाल्या, "तू तर आरामात काढशील."

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. एकाच खोलीत ओळीने परीक्षार्थी, प्रत्येकाच्या तोंडापुढे माइक. बोलण्याचा भाग आला आणि सगळे एकदमच बोलू लागले. शेजारचा तर असा गरजत होता की नेत्राच्या डोक्यात स्वतःच्या वाक्याऐवजी त्याचंच वाक्य येऊ लागलं. ती अडखळली, थांबली. आपण थांबलो की यंत्र समजतं, बाईंचं संपलं. ते पुढे निघून गेलं.

बाकीचे गुण झकास, बोलण्यात नापास म्हणावं असे.

"अगं हो, तिथे सगळे एकत्र बोलतात, ते सांगायचं राहिलंच," रीमा मॅडम म्हणाल्या. राहिलंच! आपलं डोकं आपटावं की त्यांचं, हे नेत्राला ठरवता येईना. विद्यापीठाची मुदत संपायच्या आत आता एकदाच बसता येणार होतं.

घरी येऊन तिने तिघांना समोर बसवलं. "आजपासून मी माइकवर बोलणार, आणि तुम्ही सगळ्यांनी जोरात बोलायचं. पहिल्यासारखं."

ती बोलू लागली. धर्माजींनी घसा खाकरला. "काय बोलू?"

"काहीही बोला, बाबा!"

"आज... गरमी हाय," सुलू आत्या म्हणाली. "हाय," धर्माजी म्हणाले. संपलं. चंद्रावती तर तोंडच उघडेना.

रोज हाच तमाशा. ज्यांचा आवाज समुद्रालाही बंद करता आला नाही, ते हुकूम सुटला की बावळटासारखे एकमेकांकडे बघत आणि दोन वाक्यांत पुन्हा कुजबुजीवर येत. नेत्राचं डोकं भणाणून गेलं. शेवटी ती आईवर उखडली. "तू मुद्दाम करतेस, आय. मी पास होऊ नये असंच वाटतं तुला."

चंद्रावती निवडत असलेल्या कोळंबीवरून नजर न उचलता म्हणाली, "तू गेलीस का मंग घरान कोनाला आयकवाचा? गप बसाची सवय लागली, ती र्‍हाऊ दे. आमाला लागंल."

नेत्राने कानावरचे हेडफोन उतरवले. मग तिला असा राग आला, की इतक्या दिवसांत आला नव्हता. "अगो, पन मी अजून हाय ना हितं!" ती किंचाळली. "मी जायच्या आधीच काय मेल्यासारखं बसलाव सगले?"

"मेल्यासारखं म्हनतंय!" चंद्रावतीने कोळंबीचं ताट दाणकन बाजूला सारलं. "तूच रडलीस ना, गप बसा म्हनून?"

"पोरीवर कनाला डाफरतंस?" धर्माजी गरजले. समोरून आत्याने भावाला सुनावलं, चंद्रावतीने आत्याला, आणि गल्लीतला एक स्कूटरवाला ब्रेक मारून बघत राहिला. नेत्राने नाक पुसलं, हेडफोन चढवले आणि इंग्रजीत बोलायला लागली. रडत होती, पण थांबली नाही.

दुसऱ्या खेपेला तिला हवे होते त्याहून जास्त गुण पडले. तोवर घर पुन्हा इतकं वाजत होतं, की पहिल्यांदा सांगितलेलं कुणाच्या कानावरच गेलं नाही. "काय म्हनतंस?" चंद्रावतीने आतून ओरडून विचारलं. दुसऱ्यांदा सांगायला नेत्रा आत गेली आणि आईच्या कानाशी लागली.