हिमानीला पैकीच्या पैकी

मंगळवारी सकाळी सातला भिंतीपलीकडे व्हॅक्यूम सुरू झाला की मी ओळखायचो, आज जोआन येणार. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या टाउनहोमच्या भिंती पातळ, माझे कान तिखट, त्यात मी घरून काम करतो. त्यामुळे शेजारच्या हिमानीबद्दल मला जे ठाऊक आहे ते तिच्या नवऱ्यालाही नसेल. नवरा, देवदत्त, सोमवारच्या विमानाने डॅलसला क्लायंटकडे जातो तो गुरुवारी उगवतो. मधल्या दिवसांत घरात हिमानी, चार वर्षांचा आर्य आणि सात महिन्यांची उर्वी. उर्वी एका वेळी चाळीस मिनिटांच्या वर झोपत नाही. मोजलंय मी.

हिमानी नागपूरची, दहावीला बोर्डात आलेली. हे तिने नाही, तिच्या आईने व्हिडिओ कॉलवर ओळख होताच पाचव्या मिनिटाला सांगितलं. हिमानी चहा उभ्याने पिते, फोनवर फिरत फिरत बोलते, जेवते ती आर्यच्या मागे धावताना.

जोआन इथल्या एका संस्थेची. लहान मुलांपायी मेटाकुटीला आलेल्या आईबापांच्या घरी ही मंडळी आठवड्यातून एकदा दोन तास येतात, मूल सांभाळतात, आईचं ऐकून घेतात. डॉक्टरांनी नाव सुचवलं होतं. पण घरी कुणी येणार म्हणजे आपल्या लेखी पाहुणा, आणि हिमानीच्या लेखी पाहुणा म्हणजे परीक्षक. शिवाय कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं, घर अस्ताव्यस्त दिसलं तर सरकार मुलं घेऊन जातं. मग खरकटी भांडी ओव्हनमध्ये, मळके कपडे गाडीच्या डिकीत, आर्यला इस्त्रीचा शर्ट आणि टेबलावर वाफाळता उपमा. जोआन एका हाताने उर्वीला धरून दुसऱ्याने उपमा खायची आणि घराचं कौतुक करायची. ती गेली की हिमानी ओव्हन रिकामा करायला घ्यायची.

सहाव्या मंगळवारी जोआनने एक फॉर्म दिला. रडू येतं का, हातपाय गळाल्यासारखे वाटतात का, मुलांवर ओरडता का. हिमानीने सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली आणि पाच मिनिटांत पेपर दिला. जोआन खूश. म्हणाली, तुझं छान चाललंय, पुढच्या मंगळवारी शेवटचं येते. रांगेत दुसरं कुटुंब आहे, तुझी जागा त्यांना देऊ.

हे मला कचऱ्याच्या डब्यापाशी सांगताना हिमानी हसत होती आणि डब्याचं झाकण सारखं उघडत-मिटत होती. मी म्हटलं, "अभिनंदन. पैकीच्या पैकी मिळाले म्हणून शाळेतून काढलं."

हसू गेलं. "काका, ती उर्वीला घेते ना, तेवढेच दोन तास माझे हात मोकळे असतात."

"त्या वेळात तू उपमा वाढतेस."

"हो. पण दोन हातांनी."

पुढच्या वेळी काही आवरू नकोस, खरं काय ते सांग, असं मी म्हटलं. ती म्हणाली, बेल वाजली की तोंड आपोआप हसतं, त्याचं काय करू?

मंगळवार आला. सातला व्हॅक्यूम सुरू. मी कपाळावर हात मारला. सव्वासातला बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग नुसती पावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी मीटिंग चालू होती. त्यात काय ठरलं ते मला विचारू नका. पावणेदहाला माझं दार वाजलं. हिमानी. कडेवर उर्वी, पायाला आर्य, अंगात कालचाच टी-शर्ट.

"काका, माझं दार तुम्ही उघडाल? मी उघडलं तर परत सगळं छान आहे म्हणेन."

गेलो. सोफ्यावर कपड्यांचा ढीग, सिंक काठोकाठ. दहाला बेल वाजली. मला दारात पाहून जोआन गोंधळली. मी बाजूला सरकलो. हिमानी जिन्यापाशी उभी होती. इंग्रजीत, हळूहळू बोलली.

"फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं. कधीच नाही, असं नाही. रोज. काल उर्वीला पाळण्यात ठेवून मी गराजमध्ये गेले आणि गाडीत कान झाकून बसले. दहा मिनिटं. मुलं नेणार असाल तर आत्ताच सांगा."

जोआनने कोटसुद्धा काढला नाही. तशीच पुढे आली आणि तिने उर्वीला घेतलं. म्हणाली, सहन होईना तर मूल पाळण्यात ठेवून दहा मिनिटं बाजूला हो, हेच तर आम्ही आयांना शिकवतो. त्यासाठी कुणी मुलं नेत नाही. फॉर्म नवा भरू, मंगळवार तुझाच. मग विचारलं, आता दोन तास तू काय करणार?

हा प्रश्न हिमानीच्या अभ्यासात नव्हता. ती सिंककडे वळली, तर जोआनने मान हलवून सिंक मला दाखवलं. हिमानीने जॅकेट चढवलं, दारापर्यंत गेली, परत आली, उर्वीचा मोजा वर ओढला आणि गेली.

भांडी घासताना मला ती खिडकीतून दिसत होती. अर्धवट गोठलेल्या तळ्याभोवती चालत होती. चालत कसली, पळतच होती. पहिल्या फेरीत तीनदा घराकडे पाहिलं, दुसरीत एकदा.

आर्य स्टुलावर चढून माझ्याशेजारी उभा राहिला. "व्हेअर इज शी गोइंग, काका?"

"कुठेच नाही रे," मी म्हटलं. "नुसती चालतेय."