घाडींनी न मानलेला तिसरा नियम

माझ्या नवऱ्याचं नाव दत्ताराम घाडी. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, पण मनातल्या मनात आणि शेजारणींशी बोलताना घाडीच. लालबागला आमची खानावळ होती, तिथे जेवायला बसणारे सगळे गिरणीवाले त्यांना घाडी म्हणत. वाढता वाढता माझ्याही तोंडी तेच बसलं. माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून ठेवते. पण हट्टी! एकदा 'नाय' म्हणाले की ब्रह्मदेव खाली उतरला तरी 'होय' व्हायचं नाही. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसून त्यांनी 'नाय' म्हटलं ते कुणाला? न्यूटनला!

पण आधी गिरणीचं सांगते, नाहीतर तुम्हालाही ते नुसते वेडे वाटतील, जसे मला वाटले.

घाडी स्पिनिंग खात्यात होते. त्यांच्या गिरणीत दर वर्षी खात्याखात्यांची रस्सीखेच व्हायची आणि स्पिनिंगच्या दोरीचं शेवटचं टोक यांच्या कमरेला. शेवटचा माणूस हलला की संघ गेला, असं त्यांचं म्हणणं. यांच्या पुढे उभा असायचा नंदू, आमच्याच गावचा, आमच्याच खानावळीत दोन्ही वेळ जेवणारा. मी त्याला नंदूभावजी म्हणायचे. खेकड्याचं सांबारं केलं की तो हाताला चिकटलेलं चाटत बसायचा आणि मी त्याला शिव्या घालायचे. असा घरचाच.

मग ब्याऐंशीचा संप आला. सुरुवातीला वाटलं महिनाभराची गोष्ट. पुढे काय झालं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी एक दिवस नंदूभावजी ताटावरून उठले आणि म्हणाले, "घाडी, मी दुसरा काय तरी बघतंय." हे म्हणाले, "नंद्या, सोडू नको. आता सोडलंस तर सगळेच उताणे पडतले." नंदूभावजी परत ताटावर बसले. धरून राहिले बिचारे. शेवटी गिरणीनं ना यांना परत घेतलं, ना त्यांना. नंदूभावजी पत्र्याची ट्रंक घेऊन गावी गेले. एसटीपर्यंत पोचवून घाडी घरी आले आणि न जेवताच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी गेलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. मालवणी माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय ते समजा! मी भांडले, रडले, अबोला धरला. ते एवढंच म्हणायचे, "कुठल्या तोंडान जाव? माझी ओढ कमी पडली गो."

खानावळ बंद झाली. लालबागची खोली सोडून आम्ही कांदिवलीला पोईसरच्या बाजूला बैठ्या चाळीत आलो. तिथे आमच्यापासून दोन दारं सोडून जया राहायची. नुकतीच बीएस्सी होऊन एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलेली, चणीनं एवढीशी पण आवाज असा की पोरं चळाचळा कापत. तिनंच घाडींना तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चिकटवलं. बाटल्या धुवायच्या, कपाटं लावायची, प्रयोगाचं सामान मांडायचं. पण हंगामी. हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं, "घाडी, जूनपर्यंत दहावी पास झालात तर जागा तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल." घाडींनी नववीत शाळा सोडलेली. म्हणजे आमच्या घरातली चूल पेटती राहायची की नाही ते आता दहावीवर होतं.

ऑक्टोबरला बसले. मराठी पास, इतिहास पास, गणितात तर चक्क बरे मार्क. विज्ञानात नापास! मी म्हटलं, असं कसं? जयानं दर रविवारी आमच्या ओट्यावर बसून घोकून घेतलेलं. विचारलं तेव्हा कळलं. प्रश्न होता, न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम उदाहरणासह स्पष्ट करा. आणि या महाशयांनी लिहिलं होतं, 'हा नियम मला पटत नाही. ज्याचं बळ जास्त त्याचीच ओढ जास्त असते. मी अनेक वर्षे रस्सीखेच खेळलो आहे.' त्या वादात पानं भरली आणि पुढचे प्रश्न राहून गेले.

मी कपाळावर हात मारला. "अहो, पुस्तकात छापलंय तेवढं लिहायला काय झालं होतं? न्यूटन काय तुमच्याकडे उसनं मागायला येणार होता?"

"माका पटणा नाय ता मी लिवचंय नाय."

"मग बसा बाटल्या धुवत! त्याही जूनपर्यंतच!"

जया मात्र चिडली नाही. पुढच्या रविवारी शाळेतून दोन ताणकाटे घेऊन आली. हुकाला अडकवून ओढलं की किती जोर लागला ते दाखवणारे काटे. दोघांचे हुक एकमेकांत अडकवले, एक घाडींच्या हातात दिला, एक स्वतः धरला. "ओढा काका." यांनी ओढला. दोन्ही काट्यांवर आकडा तोच. "आता जोरात." दोन्हीकडे परत तोच. जया म्हणाली, "बघा. तुम्ही मला जेवढं ओढताय तेवढंच मी तुम्हाला ओढतेय."

घाडींनी काट्यांची अदलाबदल करून पाहिली. उलटे धरून पाहिले. मग कारखान्याचा शिक्का वाचला आणि तोंड वाकडं केलं. "बाई, दोनव काटे एकाच मालकाचे. एकच सांगतले."

जया हसून हसून ओट्यावरून पडायची बाकी राहिली. मला हसू येईना. जून माझ्या डोळ्यांसमोर नाचत होता.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते, आणि दुपारी खेळ. त्या वर्षी जयानं टूम काढली, पुरुष विरुद्ध बायका रस्सीखेच. पुरुषांनी टाळ्याच पिटल्या. घाडी त्यांचे पुढारी. मैदानाला नळाच्या बाजूला थोडा उतार होता, तो यांनी बरोबर हेरला. उताराकडे ओढायचं म्हणजे सोपं, हा गिरणीतला जुना डाव. पूजेसाठी काढलेले कडक बूट घालूनच सगळे उभे राहिले आणि घाडींनी दोरीचं टोक कमरेला गुंडाळलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता! क्षणभर मला वाटलं, जिंकू देत बापडे.

क्षणभरच हं. आम्ही बायकांनी पदर खोचले, चपला काढून बाजूला फेकल्या आणि कोरड्या खडबडीत मातीत टाचा रोवल्या.

शिट्टी झाली. घाडी ओरडले, "हय् सा!" आणि खरं सांगते, त्यांचा जोर असा की माझे खांदे निखळतात की काय वाटलं. पण सकाळपासून प्रसादाच्या शिऱ्याची सगळी पातेली त्याच नळावर घासलेली. तुपाचं पाणी त्याच उतारावर वाहिलेलं, वरून सुकलेलं, आत निसरडं. पहिल्या माणसाचा बूट सरकला, मग दुसऱ्याचा, आणि मग सगळी रांग घसरत आमच्याकडे यायला लागली. शेवटी घाडी. हातातली दोरी सोडली नाही त्यांनी. मुठी आवळलेल्या, दातांवर दात, आणि पाय मात्र घसरगुंडीवर बसल्यासारखे पुढे पुढे. रेषेपाशी आले आणि धप्पकन बसले!

काय तो आरडाओरडा! बायका नाचायला लागल्या. पुरुष "रडीचा डाव, रडीचा डाव" करत उठले. घाडी उठेनात. तसेच चिखलात बसून राहिले. मला वाटलं, कंबर गेली. धावत गेले तर ते आपल्या बुटांचे तळवे बघत होते.

"लागलं का हो?"

"सुगंधा, मी दोरी सोडूक नाय."

"नाही सोडलीत. बघितलं मी."

"ओढ कमी केलंय?"

"छे हो! माझे हात अजून थरथरतायत."

"मगे हरलंव कसा?"

जया मागेच उभी होती. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज इतका मऊ ऐकला मी. म्हणाली, "काका, दोरी दोन्ही टोकांना सारखीच ओढते. तुमच्याकडे तेवढी, काकूंकडे तेवढी. जिंकणं-हरणं दोरीत नसतंच. ते पायाखाली असतं. आपण पायानं जमिनीला मागे रेटतो, जमीन आपल्याला धरून ठेवते. काकूंच्या पायाखाली कोरडी जमीन होती, तिनं धरलं. तुमच्या पायाखाली तूप होतं. ते कसं धरणार?"

घाडींनी बुटाच्या तळव्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ओढ सारकी असान माणूस हरता."

"हरतो."

"तेच्या पायाखाली जमीन नसली तर."

"हो काका."

आणि माझा नवरा, चाळीच्या भर मैदानात, प्रसादाचे द्रोण घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर, गुडघ्यात डोकं घालून रडला. लोकांना वाटलं, कमरेत उसण भरली. मला एकटीला कळलं, ती घाडींची जुनी गिरणी, तो जुना संप रडत होता. तीन वर्षं हा माणूस मनातल्या मनात स्वतःला कमी जोराचा म्हणत होता आणि मी त्याला नुसता हट्टी म्हणत होते.

मार्चमध्ये परत पेपर. घरी आले ते हसत. मी दारातच गाठलं. "आला का तिसरा नियम?"

"इलो."

"पुस्तकातलं लिहिलंत ना?"

"नियम पुस्तकातलो लिवलंय. उदाहरण आपला."

"आपलं म्हणजे?"

"लिवलंय, माझी पत्नी सुगंधा हिचा संघ जिंकला, कारण तिच्या पायाखालची जमीन कोरडी होती."

"बोर्डाच्या पेपरात बायकोचं नाव घातलंत?" मी किंचाळलेच. "अहो, वाट लागली! ते तपासणारे काय म्हणतील? सरळ शून्य देतील!"

"देवंदेत. खरा असा ता लिवलंय."

तीन महिने मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आठवलं तर फेडावं लागेल. निकालाच्या दिवशी जयाच शाळेतून ओरडत आली, "काकू, काका सुटले!" विज्ञानात अगदी काठावर, पण सुटले. हेडमास्तरांनी जागा पक्की केली. चाळीत पेढे वाटले, आणि रात्री जेवताना घाडी ताटाकडे बघतच म्हणाले, "यंदा गणपतीक गावाक जाव." मी वाढायची थांबले. परत विचारलं नाही, उगाच 'नाय' म्हणाले तर.

गावी पोचलो, बॅग घरात टाकली आणि घाडी चहासुद्धा न घेता नंदूभावजींकडे निघाले. मी मागे मागे. नंदूभावजी खळ्यात दावं घेऊन गाईला बांधायच्या खटपटीत होते. केस पिकलेले, अंगानं निम्मे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता काय होतंय! घाडींनी पुढे होऊन त्यांच्या हातातलं दाव्याचं एक टोक घेतलं, दुसरं त्यांच्याच हातात राहू दिलं.

"ओढ, नंद्या."

"काय येड लागला तुका?"

"ओढ म्हणतंय ना." नंदूभावजींनी ओढलं. घाडींनीही ओढलं. "गावली ओढ? माझ्याकडे जितकी, तितकीच तुझ्याकडे. शाळेत शिकलंय मी. आपण कमी ओढूक नाय, नंद्या. आपल्या पायाखाली जमीनच नाय होती. तुका धरून ऱ्हव म्हटलंय ता माझा चुकला आसात, पण तुझी ओढ कमी नाय पडली."

नंदूभावजींचा चेहरा कसानुसा झाला. "ह्या सांगूक इतके गणपती चुकवलंस?"

"माका वाटला, तुझो माझ्यार राग असा."

"राग?" नंदूभावजींचा आवाज फुटला. "माका वाटत होता, मी पयलो दोरी सोडून गावाक पळालंय, म्हणान तू माझा तोंड बघणस नाय."

दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी. दावं दोघांच्या हातात ताणलेलं, कुणीच सोडीना. आणि मोकळी राहिलेली गाय कोपऱ्यावरून वळून शेजाऱ्यांच्या भातात शिरली होती. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, खाऊ दे तिला चार घास.