घरी जाऊन बायकोला विचार

आमच्या ह्यांनी जेवता जेवता सांगितलं की हेलिकॉप्टरला अर्ज टाकलाय, अन् माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच अधांतरी राहिला. मला वाटलं कुठं बसून जायचा अर्ज असंल. मी म्हणलं, "कुठं जायचंय?" तर म्हणे, "जायचं नाय गं, चालवायचंय."

हे सैन्यात, तोफखान्यात अधिकारी. आमचं ठरलं तेव्हा साधे जवान होते, नंतर परीक्षा दिली, चार वर्षं ट्रेनिंगला गेले अन् खांद्यावर स्टार घेऊन आले. मी नववीत शाळा सोडलेली. आता कुठं तोफेची सवय झालेली मला, कुठली मोठी, कुठली लांब मारती, बायकांत बसले तर दोन वाक्यं बोलता यायची. अन् हे म्हणतात हेलिकॉप्टर.

"तोफेला काय झालं?"

"काय होणार तोफेला?"

"मंग? तोफ जमिनीवर असते. ती कधी खाली पडत नाय."

हे इतके हसले की ठसका लागला. मंग सांगितलं. सरावाला गेल्यावर डोंगराच्या पलीकडं ह्यांना काहीच दिसायचं नाय, गोळा टाकायचा अन् वाट बघायची. एकदा वरून हेलिकॉप्टर आलं, त्यातल्या माणसानं सांगितलं इकडं सरका, तिकडं सरका, अन् तिसरा गोळा बरोबर बसला. "त्या माणसाला सगळं दिसत होतं," हे म्हणले, "अन् मी खाली मान वर करून उभा. तवापासून डोक्यातून जात नाय."

माझं माहेर ओझरच्या विमानतळापलीकडचं. आमच्या घरावरून विमानं जायची, पत्रे थडथड वाजायचे, अन् मी खाटेखाली शिरायचे. चांगली दहा वर्षांची होईपर्यंत शिरायचे. भाऊ वरून खाट वाजवायचा, "ये बाहेर, गेलं ते." तर अशा बाईच्या नशिबी हे.

मी मनात म्हणलं, नाय निवडणार. डोळे तपासले, दात तपासले, कान तपासले, अन् काय सांगू, टेप लावून पायाची लांबीसुद्धा मोजली. ह्यांची उंची बेताचीच. मला लय आशा होती की पाय कमी भरंल. पाय भरला.

हेलिकॉप्टर शिकवायची शाळा नाशिकरोडच्या बाजूला होती, पण सरकारी घर मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. दोन खोल्या, मी, हे अन् दीड वर्षाची पोरगी. खाली एक काकू राहायच्या, त्यांचे मिस्टर अंबडला कंपनीत. फौजेतलं कुणीच शेजारी नाय. त्यामुळं तिथं काय चालतं, काय रीत असते, मला सांगणारं कुणी नव्हतं. हे सांगायचे तेवढंच.

अन् हे काय सांगणार, हे घरी आले की खुर्चीवर बसायचे. खरंच. प्लास्टिकची खुर्ची हॉलच्या मधोमध, दोन पायांत लाटणं उभं धरायचं, डाव्या हाताला झाडूचा दांडा, पायाखाली दोन चपला. लाटणं पुढं केलं की पुढं, दांडा वर केला की वर. डोळे मिटून अर्धा अर्धा तास उडायचे. पोरगी समोर टाळ्या वाजवायची, भुर्र भुर्र करायची. पोळ्या करायची वेळ झाली तर मला म्हणावं लागायचं, "अहो, उतरा आता, लाटणं द्या." एकदा काकू वाटीभर साखर मागायला आल्या अन् दारातच थांबल्या. "साहेबांना बरं नाय का?" मी म्हणलं, "अभ्यास चाललाय." काकू साखर न घेताच गेल्या.

दुसरं काम माझं होतं. हेलिकॉप्टरमधी काही बिघडलं, आग लागली, इंजिन बंद पडलं, तर काय काय करायचं ते एकामागं एक तोंडपाठ पाहिजे. विचार करायला वेळच नसतो, पुस्तक उघडून बघता येत नाय. ह्यांचं पुस्तक इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं लागतात पण ओळ वाचता वाचता पोरगी दुडदुडत जिन्यापर्यंत पोचती. म्हणून ह्यांनी बोलून दाखवलं अन् मी शंभरपानी वहीत मराठी अक्षरांत लिहून घेतलं. रोज संध्याकाळी मी वही धरायची, वर लिहिलेलं विचारायचं, "आग लागली, खाली उभं असताना," अन् हे धडाधड म्हणायचे, मी ओळीवर बोट ठेवून बघायची. बरोबर असलं तर "हं." चुकलं तर "अंहं." मला शाळेत कधी कुणी पुढं बसवलं नाय अन् इथं मी अधिकाऱ्याची परीक्षा घेत होते. त्याची मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण भीती काय जायची नाय. उडायचे वीस-बावीस तास भरायच्या आत शिकवणारे सर एकट्याला उडवायला सोडतात, सोडलं तर पुढं, नाय सोडलं तर परत आपल्या तोफेकडं. ह्यांच्या बरोबरच्या दोघांना परत पाठवलं तेव्हा हे जेवले नाय, अन् मी देवासमोर बसून म्हणलं, देवी, ह्यांनाबी पाठव. अगदी असंच म्हणलं. ह्यांच्यासमोर "हं, हं" करायचं अन् देवीसमोर असं मागायचं. मला माझीच लाज वाटायची पण मागायची थांबले नाय.

मंग एका दिवशी हे दुपारी आले ते बूट काढायच्या आधीच खुर्चीवर बसले. लाटणं घेतलं नाय. मी पाणी दिलं.

"आज सोडणार होते," हे म्हणले. "सगळं नीट झालं. उतरवलं नीट. मंग सरांनी उभ्या उभ्या विचारलं, आग लागली, बोल. मी बोललो. सर म्हणले परत बोल. परत बोललो. तर चिडले ना गं. तेलाची तोटी, तो कॉक, कोण बंद करणार? आग लागली अन् तू तेल चालू ठेवून उडी मारणार?"

"मंग?"

"मंग हिंदीत सुरू झाले. घर जाके बीवी से पूछ, म्हणे, आग लगे तो पहले गॅस बंद करते हैं के नहीं. सगळी पोरं हसली." हे बूट काढायला लागले. "तीन दिवसांनी परत बघणार. शेवटचं."

मला ह्यांचं वाईट वाटलं अन् त्याच्या पाठोपाठ, काय सांगू, हलकंबी वाटलं. देवीनं ऐकलं. तीन दिवसांनी तोफ, जमीन, संपलं.

हे आंघोळीला गेले अन् मी वही काढली. उगंच, बघावं म्हणून. आगीचं पान काढलं, बोट ठेवलं, एक, दोन, तीन. कॉक नव्हताच. मी तर लिहिलेला, मला आठवत होतं मी लिहिलेला. पान जाड लागलं म्हणून नखानं सोडवलं तर चर्र करून दोन पानं वेगळी झाली. मधी नाचणीची खीर वाळलेली. पोरीनं चमचा पुसला होता वहीला कधीतरी. अन् आतल्या पानावर, माझ्याच अक्षरात, मागून आठवली म्हणून लिहिलेली एकच ओळ, सगळ्यांत आधी कॉक बंद.

म्हणजे कितीतरी दिवस हे कॉक सोडून म्हणत होते अन् मी बोट ठेवून "हं" करत होते. मी! जी चहा झाला तरी सिलेंडरचा नॉब दोनदा बघती, झोपताना उठून बघती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर पहिलं तेच विचारतात, "गॅस बंद केला का गं?" अन् माझ्या ध्यानात येऊ नये की आग लागली तर आधी तेच करायचं असतं.

न्हाणीत पाण्याचा आवाज चालू होता. मी वही मिटली. गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मला पाहिजे तेच तर झालं होतं. पण मंग माझ्या डोळ्यासमोर आलं की हे असेच कॉक सोडून कधीतरी खरंच त्या यंत्रात बसलेले असतील अन् खरंच आग लागंल. अन् कॉकच कशाला, वहीतलं दुसरंबी काहीतरी असंच मधी राहून गेलेलं असंल, माझ्या "हं"मुळं. मी न्हाणीचं दार बडवलं.

"अहो! बाहेर या!"

"काय झालं? पोरगी कुठाय?"

"पोरगी हाय. कॉक सापडला!"

हे टॉवेलवर बाहेर आले, केसाला साबण तसाच. मी वही दाखवली, खीर दाखवली. मला वाटलं आता बोलणार मला. ह्यांनी वही बघितली, माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. अन् मंग जे हसायला लागले ते भिंतीला टेकून खाली बसले. "सर म्हणले बीवी से पूछ," म्हणे, "अन् मी तर तुलाच विचारत होतो ना!"

मीबी हसले, अन् रडले पण, अन् रडता रडता देवीकडं काय मागत होते ते सांगून टाकलं. ह्यांच्या डोळ्यात साबण जात होता तो ह्यांनी पुसला. म्हणले, "भीती मलाबी वाटते. तुला काय वाटलं, मला वाटत नसंल?"

ते मला माहीतच नव्हतं. खरंच नव्हतं माहीत.

ते तीन दिवस मी काय छळलंय त्यांना. वहीचं पान न् पान सोडवून पुस्तकाशी ताडून बघितलं, इंग्रजी एक एक अक्षर लावत. दात घासताना विचारलं, "इंजिन बंद!" जिन्यात विचारलं. काकूंच्या समोर "आग लागली!" म्हणलं तर काकू "कुठं, कुठं?" करत पळाल्या. कंबरेवर हात ठेवून उभी राहायचे, अन् हे उलटं बोलायचे, "सर बरे गं तुझ्यापेक्षा."

चौथ्या दिवशी हे पहाटे गेले. थंडी होती. मी पोरीला पाठुंगळी घेऊन गच्चीवर गेले, लांब नाशिकरोडकडं ठिपक्याएवढी हेलिकॉप्टरं दिसत होती. त्यातलं ह्यांचं कुठलं काय माहीत. एक वर गेलं की माझा श्वास वर, खाली गेलं की खाली. पण मी गच्चीवरच थांबले, जिन्यात शिरले नाय.

दुपारी खाली गाडीचा आवाज आला, अन् काकूंचा, "अगंबाई, साहेबांना काय झालं!" मी कठड्यावरून वाकले. गाडीतून दोघंजण ह्यांना उतरवत होते. हे डोक्यापासून बुटापर्यंत ओलेचिंब, रंगपंचमीला रहाडीच्या हौदातून काढल्यासारखे, कपड्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं संपलं. गंगापूरच्या धरणात पडलं हेलिकॉप्टर. मी पोरीला काखेत मारून अनवाणी जिना उतरले अन् ओरडले, "कॉक बंद केला होता का?"

सगळे थांबले. मंग गाडीतून एक पांढऱ्या मिशांचे साहेब उतरले, तेच सर. म्हणले, "भाभी, घाबरू नका. एकट्यानं उडवून आणलं. आमच्यात पहिल्यांदा एकटं उडवलं की बादल्या ओततात डोक्यावर." अन् मंग डोळे बारीक करून, "पण कॉकचं तुम्हाला काय माहीत?"

मी काय लपवणार? वही, खीर, "हं", सगळं सांगितलं तिथंच पार्किंगमधी. सर ऐकत राहिले अन् मंग ह्यांना म्हणले, "मास्तरीण कोरडी कशी राहिली रे?" हे धावले. काकूंच्या झाडांची बादली भरलेली होती ती उचलली, मी "अहो, पोरगी! अहो, थंडी!" म्हणेपर्यंत काकूंनी पोरगी घेतली अन् बादली माझ्यावर. गार पाणी! मी इंदिरानगरच्या पार्किंगमधी चार लोकांदेखत किंचाळले.

वर येऊन सगळ्यांना चहा केला, ओल्या साडीतच. मी ह्यांना विचारलं, "एकटं असताना कसं वाटलं?"

"सर उतरले ना," हे म्हणले, "तर त्यांचं वजन कमी झालं. मी दांडा जरासाच उचलला अन् ते टुणकन वर गेलं. मला वाटलं, अरे, हे तर मी म्हणल्याच्या आधीच निघालं."

सर कपाआडून हसले. फरशीवर सगळीकडं पाण्याची तळी झालेली, पोरगी त्यात चपक चपक पाय आपटत होती, काकू म्हणत होत्या, "अगं पुस, कुणीतरी घसरंल," अन् मी काय उठले नाय.