दामाजीच्या यादीतलं पाचवं नाव

सिडनी डिमेलो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. तरुणपणी तो बॉक्सिंग खेळलेला. १९९१ साली कँटीनमधल्या सहा जणांनी आपली एक लीग काढली. राज्य स्पर्धेतले पाच बॉक्सर प्रत्येकाने कागदावर निवडायचे आणि पेपरातले निकाल बघून गुण मांडायचे. याद्या मात्र सिडनीने तपासायच्या. तो कोणाची भीड ठेवायचा नाही.

कळव्याच्या दामाजीने यादी पुढे केली. चार नावं सिडनीला पटली. पाचवं जेराल्डचं होतं, सिडनीच्याच मुलाचं.

"ह्याला काढ."

"अरे, पोरगा आहे तुझा!"

"ठोसा मारला की त्याचा डावा हात खाली येतो. दुसऱ्या फेरीत मार खाईल."

मित्राच्या मुलाचं नाव खोडणं दामाजीला जमलं नाही. जेराल्ड दुसऱ्या फेरीतच पडला.

दामाजी त्याला बघायला घरी आला आणि बोलता बोलता सगळं सांगून गेला. जेराल्डचा ओठ सुजलेला होता.

"डॅडी, कँटीनला सांगितलंस, मग मला का नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तू माझा खेळ बघतोस, हेच मला माहीत नव्हतं."

सिडनी मागच्या रांगेत बसून प्रत्येक लढत बघायचा आणि न भेटता निघून यायचा. तसं त्याने आता सांगितलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर दोघे घरच्या अंगणात उभे राहिले. सिडनीने छातीशी उशी धरली.

"मार," तो म्हणाला, "आणि हात वर ठेव."