खिडकीतून सांभाळलेल्या कोंबड्या

ड्रायव्हरकाका मुळात कमी बोलणारे. एकवीस वर्षं त्यांनी कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवला, असतील नसतील तेवढ्या पोल्ट्र्या पालथ्या घातल्या, पण घरी आले की जेवताना दोन शब्द आणि झोपताना एक. बोलायचं ते सगळं मागच्या अंगणात, खुराड्यापाशी. तिथे मात्र त्यांची जीभ सैल सुटायची. "काय गं ठिपके, आज तोंड का पाडलंयस?" असं विचारून ते उत्तराची वाटही बघायचे.

हे सगळं सुरू झालं एका लंगड्या पिल्लापासून. एका पोल्ट्रीत ते मारायला म्हणून बाजूला काढलं होतं. काकांना बघवेना. रिकाम्या जेवणाच्या डब्यात घालून त्यांनी ते घरी आणलं. काकूंनी घासायला म्हणून डबा उघडला, आणि तो डबा त्या घरात पुन्हा कधी जेवणाला वापरला गेला नाही. पुढे लंगडीच्या जोडीला ठिपकी आली, महाराणी आली, एक भांडकुदळ कोंबडा आला, आणि सहा वर्षांत खुराड्यात आठ जीव झाले.

काकू घरीच इस्त्रीचं काम करायच्या. लोकांचे पांढरेशुभ्र शर्ट, चादरी, शाळेचे गणवेश. एखादं पीस उडून घरात आलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या. खुराड्याच्या कडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "ते तुमचं माहेर," त्या म्हणायच्या, "तुम्हीच जा आणि तुम्हीच निस्तरा."

त्या वर्षी थंडी ओसरत असताना बर्ड फ्लूची बातमी आली. आधी तळ्यावरची बदकं मेली. मग दीड तासावरच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या पटापट माना टाकू लागल्या. ती पोल्ट्री काकांच्याच फेरीतली. जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाई काकांच्या ट्रकच्या डेपोत आल्या आणि त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं.

"हा रोग पाखरांबरोबर येतो तसा तुमच्या बुटांबरोबरही येतो. चाकाला एवढीशी शीट लागली तरी पुरते. कुणाच्या घरी कोंबड्या आहेत?"

काकांनी हात वर केला.

"मग तुम्ही त्यांच्यापासून लांब राहा. दुसऱ्या कुणाला तरी बघू दे."

दुसरं कुणी म्हणजे कोण? मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात माणसं दोनच.

त्या संध्याकाळी काकांनी बूट आणि कपडे डेपोतच ठेवले, तिथल्याच नळावर आंघोळ केली आणि घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले. त्यांचा खोकला ऐकून आठही जणं जाळीला येऊन चिकटली. काका जागचे हलले नाहीत. काकूंनी इस्त्री बंद केली आणि विचारलं, "काय झालं?" काकांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर ते एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलले असावेत.

काकू खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काय काय करायचं असतं, ते सांगा."

आणि जे काम काकांनी सहा वर्षं प्रेमानं केलं होतं ते काकूंनी हाती घेतलं आणि त्याला शिस्त लावली. कोंबड्यांचं मोकळं फिरणं बंद. तारेच्या जाळीतून चिमण्या शिरत, म्हणून तिच्यावर जुनी मच्छरदाणी शिवली. वरून पाखरांची शीट पडू नये म्हणून पत्रा टाकला. दाणापाणी आत, सांडलेला दाणा लगेच झाडून घ्यायचा. खुराड्याच्या दाराशी वेगळ्या रबरी चपला. त्या चपला घरात नाहीत आणि घरच्या चपला तिथे नाहीत. आत जाताना आणि बाहेर आल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात.

काका खिडकीतून सूचना द्यायचे.

"ठिपकीला बाकीच्या खाऊ देत नाहीत. तिला बाजूला घाल."

"कळलंय मला. कालपासून तसंच घालतेय."

एकदा पाण्याचं भांडं कलंडलेलं दिसलं म्हणून काका न राहवून मागच्या दारात आले.

"पायरीच्या खाली उतरायचं नाही," काकू इस्त्रीवरूनच म्हणाल्या.

"अगं, आंघोळ झालीय माझी."

"झाली असेल. तरी नाही."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी काकू अंगणातून परत आल्या त्या हळू पावलांनी. "अहो, लंगडी उठत नाहीये."

काका ताडकन उठले, पायरीपर्यंत गेले आणि स्वतःच थांबले. काकूंनी लंगडीला हात लावला नव्हता, नुसती कडी घालून आल्या होत्या. त्यांनीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई अंगभर पांढरा पोशाख घालून आल्या, त्यांनी मेलेल्या लंगडीला दुहेरी पिशवीत बांधून नेलं. जाताना म्हणाल्या, "तपासणीला दोन दिवस लागतील. रोग निघाला तर बाकीच्याही ठेवता येणार नाहीत. मी खोटी आशा दाखवत नाही."

ते दोन दिवस काका कामावर गेले नाहीत. काकू तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून तेवढं दाणापाणी करून यायच्या. गिऱ्हाइकांचे कपडे त्यांनी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं खिडकीपाशी बसले होते.

"परवा मी नळीनं पाणी भरत होते," काकू म्हणाल्या, "तर ती येऊन माझ्या पायावर बसली. मी हाकललं नाही."

"दमली की बसायची तशी," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बराच वेळ बसली?"

"बराच वेळ. भांडं भरून वाहायला लागलं, तरी मी हलले नाही."

काकांनी मान फिरवली. काकूंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग तोच पदर त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी फोन आला. रोग नव्हता. अंडं पोटातच फुटलं होतं, आणि वयही झालंच होतं. काकूंनी फोन ठेवला आणि त्या जमिनीवरच बसल्या. सहा वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, तिच्यासाठी त्या मनसोक्त रडल्या. काका शेजारी बसून राहिले.

साथ ओसरायला आणखी दीड महिना गेला. दोन मोठ्या पोल्ट्र्या रिकाम्या झाल्या. काकूंचे सात जीव मात्र शाबूत राहिले. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या रविवारी काका नव्या चपला घालून अंगणात उतरले. मूठभर दाणे घेऊन ते उकिडवे बसले आणि त्यांनी नेहमीची हाक मारली. सगळ्या कोंबड्या त्यांना वळसा घालून काकूंच्या पायाशी धावल्या.

काका ओशाळून हसले. "विसरल्या मला."

"येतील हळूहळू," काकू म्हणाल्या. "माझ्याजवळ यायलाही त्यांना दोन आठवडे लागले." आणि त्या तिथेच, त्यांच्या शेजारी बसल्या.