दसऱ्याच्या पूजेनंतर बंद पडलेलं वायफाय

दसऱ्याला आमच्या घरी वखर, फवारणी पंप आणि माझा लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप अशी सगळ्यांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी अकराला माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आणि वायफाय लागेना. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी तासभर कमांड टाइप केल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा लावला.

बाबा म्हणाले, "काहून इतकं लिहून राह्यला? मोटर चालू नाई झाली त आमी आंधी स्विच पाह्यतो."

मी त्यांना सॉफ्टवेअर म्हणजे काय ते समजावलं.

आई म्हणाली, "काल पुसतानी माह्या हातानं बाजूचं बटन सरकलं रे."

ते वायफायचंच होतं. मुलाखत वेळेवर सुरू झाली. बाबांनी इंझोरीच्या मामांना फोनवर सांगितलं, "पोट्ट्यानं सोताच दुरुस्त केलं." मीही नाही म्हटलं नाही.