‘ऑफ’ लावून मोकळा

इंग्रजीच्या मास्तराकडे किस्से जमवावे लागत नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी म्हणतंच, “सर, पोरं पेपरात काय काय लिहितात ते सांगा ना.” मीही चोवीस वर्षं सांगत आलो. मागच्या वर्षी रिटायर झालो आणि घरी बसल्यावर लक्षात आलं, की पोरांच्या चुका आता आठवत नाहीत. आठवतात त्या माझ्याच. आणि बहुतेक एकाच जागच्या.

मराठीत आपलं ‘चा-ची-चे’ सगळीकडे चालतं. इंग्रजीची आवड, तापाचं औषध, दुधाचा भाव. इंग्रजीत आवडीला ‘इन’ लागतं, औषधाला ‘फॉर’, भावाला ‘ऑफ’. का, ते विचारायचं नाही. प्रत्येक नामाचा आपापला बारका शब्द ठरलेला. मी मात्र जिथं अडेल तिथं ‘ऑफ’ लावून मोकळा व्हायचो.

* * *

नोकरीही तशीच लागली. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या पुढे एका गावात बारावीपर्यंतचं हायस्कूल होतं. मुलाखतीला पाच जण बसले होते, त्यांत इंग्रजी येत होतं फक्त हेडमास्तरांना. त्यांनी विचारलं, इंग्रजीच का शिकवायचंय?

मी ताठ बसून म्हणालो, “बिकॉज आय हॅव ग्रेट इंटरेस्ट ऑफ इंग्लिश.”

हेडमास्तरांनी मान खाली घातली. शेजारचे चेअरमन खूश झाले. “पोरगं फाडफाड बोलतंय की. घ्या ह्याला.”

हजर झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी मला त्यांची स्वतःची जुनी डिक्शनरी दिली. ‘आय’ अक्षराच्या एका पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. ‘इंटरेस्ट’ शब्दाचं पान. त्या माणसानं त्यावर मला आयुष्यात एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

* * *

आमच्या शाळेचे शिपाई भाऊसाहेब. त्यांना इंग्रजी शिकायची फार हौस. एकदा मी वर्गात शिकवत होतो, की किल्लीला ‘ऑफ’ लावायचं नाही, ‘टू’ लावायचं. ‘की टू द लॅब’. भाऊसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. तेव्हापासून ते रोज सकाळी किल्ली आणून देताना म्हणायचे, “सर, की टू लॅब.”

पुढं तपासणीला एक साहेब आले. प्रयोगशाळा बंद होती. साहेब म्हणाले, “व्हेअर इज द की ऑफ लॅब?”

भाऊसाहेब अदबीनं म्हणाले, “साहेब, ऑफ न्हाई. टू हाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हातात त्यांच्या शेऱ्याची वही होती. मी म्हणालो, “भाऊसाहेब, साहेब म्हणतात तेच बरोबर आहे.”

भाऊसाहेबांनी कुलूप उघडलं. दिवसभर ते माझ्यासमोर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर किल्ली ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, “सर, आजपास्नं काय म्हनू?”

* * *

एक पालक होते, दत्तूनाना. जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. पोरगी इंग्रजीत नापास झाली म्हणून बाजार उरकून शाळेत आले. मी त्यांना हेच समजावून सांगितलं, की प्रत्येक नामाचा शब्द वेगळा असतो, मुलं पाठ करत नाहीत.

नाना जरा विचार करून म्हणाले, “सर, बैलाला कासरा आस्तो, म्हशीला साखळी, शेळीला साधी दोरी. कुनाला काय, हे आमच्यात कुनी पाठ करतं व्हय? रोज बांधून कळतंय. तुमी पोरीला पाठ नका करायला लावू. बांधायला लावा.”

मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

दोन महिन्यांनी नगरला शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. मला दहा मिनिटं बोलायचं होतं. मी कासरा, साखळी आणि दोरी, तिन्ही सांगितलं. टाळ्या पडल्या. जेवणाच्या सुट्टीत जामखेडच्या एक मॅडम वही घेऊन आल्या. “सर, काय सुंदर उदाहरण दिलंत. कुठं वाचलं?”

मी म्हणालो, “एका इंग्रजी पुस्तकात.”

त्यांनी पुस्तकाचं नाव विचारलं. मी तेही सांगितलं. असं पुस्तक नाही.

* * *

सुवर्णा अकरावीला होती. एकदा तास सुरू असताना तिनं रजेचा अर्ज आणून दिला. पहिलीच ओळ, ‘द रीझन ऑफ माय ॲब्सेन्स’. मी तिथंच थांबलो. अख्ख्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला. मग तिच्या हातात खडू दिला आणि म्हणालो, “रीझनला फॉर लागतं. दहा वेळा लिही, म्हणजे जन्मभर विसरणार नाहीस.”

तिनं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. शेवटच्या ओळी लिहिताना ती सारखी दाराकडे बघत होती, ते मला दिसलं, पण मला वाटलं लाजली असेल. दहा झाल्यावर मी अर्जावर सही केली आणि ती पळत गेली.

तास संपल्यावर क्लार्क आले. “सुवर्णा वेळेत गेली ना? तिच्या आईचं नगरला ऑपरेशन हाय. अकराची यष्टी होती.”

साडेअकरा वाजले होते. पुढची गाडी दीडला होती. मी अर्जाची दुसरी ओळ वाचलीच नव्हती.

आई वाचली, ते माझं नशीब. पण तिला आत नेलं तेव्हा लेक जवळ नव्हती.

परवा बीपी तपासायला एका दवाखान्यात गेलो, तर पट्टा बांधणारी सिस्टर सुवर्णाच निघाली. मला ओळखून हसली. “सर, रीझन फॉर. अजून विसरले नाही.” माझं बीपी त्या दिवशी फार वाढलेलं निघालं. तिनं दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा तपासलं. तेवढंच आलं.

* * *

आता एकच किस्सा राहिला.

रूथ मॅडम आमच्याकडे भूगोल शिकवायच्या. नगरहून रोज ये-जा. वडील पक्षाघातानं तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. घरात दोघंच. त्यांना आंघोळ घालून, भरवून, कपडे बदलून मॅडम सातची गाडी पकडायच्या. कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

वडील गेले तेव्हा हेडमास्तर मला म्हणाले, “स्टाफतर्फे पत्र लिहा. इंग्रजीत लिहा, त्यांच्या घरी इंग्रजी चालतं.” मी दोन दिवस घालून पत्र लिहिलं. या दुःखातून तुम्हाला दिलासा मिळो, असं शेवटी म्हणायचं होतं. लिहिलं असं, ‘वुई प्रे फॉर युवर रिलीफ ॲट युवर फादर्स डेथ.’ चौदा जणांच्या सह्या घेतल्या आणि पाठवून दिलं.

महिन्याभरानं बारावीला शिकवण्यासाठी ‘रिलीफ’ शब्द काढला. डिक्शनरीत दोन्ही होतं. ‘रिलीफ फ्रॉम’ म्हणजे दुःखातून दिलासा. ‘रिलीफ ॲट’ म्हणजे अमुक एक घडलं म्हणून हायसं वाटणं. वडील गेल्याचं तुम्हाला हायसं वाटो, अशी प्रार्थना आम्ही चौदा जणांनी सह्या करून कळवली होती.

मी नवीन पत्र लिहिलं. पहिलं पोस्टात गहाळ झालं असं खोटं सांगून सगळ्यांच्या सह्या पुन्हा घेतल्या. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये मॅडम एकट्याच वह्या तपासत होत्या. समोर जाऊन म्हणालो, “मॅडम, त्या पत्रात माझी एक मोठी चूक झाली. तुम्ही काही बोलला नाहीत. हे घ्या, आणि ते फाडून टाका.”

त्यांनी नवीन पत्र सावकाश वाचलं. “ॲट काढून फ्रॉम केलंत.”

“हो. मला तुमच्याकडे बघायची लाज वाटते.”

त्यांनी नव्या पत्राची घडी घालून ते मला परत दिलं. मग पर्समधून जुनं पत्र काढलं. घड्यांवर कागद विरत आला होता. ते त्यांनी एकदा उघडून पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं.

“हेच राहू द्या, सर,” त्या म्हणाल्या. “ॲटच बरोबर आहे.”